सायकलीच्या चाकातील हवा आणि पंक्चर
(इयत्ता सातवी व आठवीसाठी एक पाठ)

वाड्या-वस्त्यांवरून वरिष्ठ प्राथमिक शाळेत येणारी पुष्कळ मुले-मुली सायकलीने येतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याखालील नियमांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शाळा घरापासून ३ किलोमीटरांच्या आत असावी, असे धरलेले आहे. हे अंतर सायकलीवर पंधरा-वीस मिनिटांचे होय. परंतु वाटेत चाक बसले तर तेवढेच अंतर सायकल ढकलीत पाऊण तासाचे होते. प्रार्थना चुकते, पहिला तास चुकतो. पंक्चर काढावयास दुकान गावात नसेल तर सायकल चार-चार दिवस भिंतीला टेकून उभी राहते. मुलगी एकटीच येणारी असेल, तर संध्याकाळी अंधारात सायकल ढकलीत परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी तिला पाठविण्यास घरची माणसे कचरतात. हजेरीपटावर केवळ गैरहजेरीची खूण उमटते. चाकात हवा नव्हती, हे कारण तेथे कोणी लिहीत नाही.

आठवीच्या सामान्य विज्ञानात 'बल व दाब' हा घटक आहे. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारे बल, ही व्याख्या मुले तोंडपाठ म्हणतात. परंतु शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या पंधरा-वीस सायकलींच्या चाकांत तीच व्याख्या दडलेली आहे, याकडे त्यांचे लक्ष सहसा वेधले जात नाही. प्रस्तुत पाठात ते वेधावयाचे असून, त्याबरोबर चाकात हवा किती असावी हे मुलांनी स्वतः ठरवावयास शिकावे, असा हेतू आहे.

शिक्षकांसाठी पूर्वज्ञान

हवा भरलेल्या टायरचा इतिहास फार जुना नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये त्याचे एकस्व घेतले होते, पण ते विस्मरणात गेले. पुढे बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेच्या धावा बसविल्या व १८८८ मध्ये एकस्व मिळविले. मुलाला हादरे कमी बसावेत, एवढाच त्यांचा मूळ उद्देश होता. सायकलस्वाराचा भार टायरचे रबर पेलीत नसून आत कोंडलेली हवा पेलते, ही गोष्ट मुलांच्या मनावर प्रथम ठसवावी.

आता पंक्चरकडे वळू. सारी पंक्चरे काट्यांनी होतात, असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो टाकून द्यावयास हवा. ट्यूबवरील भोक नीट पाहिले तर ते स्वतःच आपले कारण सांगते. जमिनीकडील बाजूस सुईच्या टोकाएवढे एकच भोक असेल तर तो काटा, खिळा किंवा काच होय. ट्यूबच्या कडेला बोटभर अंतरावर दोन बारीक चिरा असतील, सर्पदंशाच्या खुणा असाव्यात तशा, तर तेथे काटा शोधणे व्यर्थ आहे. चाक दगडाच्या किंवा खड्ड्याच्या धारेवर आदळले, आतील हवा अपुरी असल्यामुळे टायर पुरता दबला, आणि धार व रिम यांच्या चिमट्यात सापडून ट्यूब कापली गेली, असा त्याचा अर्थ. भोक ट्यूबच्या आतल्या, म्हणजे आसाकडील बाजूस असेल तर रिमवरील फीत सरकून स्पोकचे टोक लागले आहे. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर पुन्हा हवेच्याच कमतरतेकडे बोट दाखवावे लागते. कारण हवा कमी असली म्हणजे ब्रेक लावताना व पायडल मारताना टायर रिमवर थोडाथोडा सरकतो, ट्यूबला बरोबर ओढतो, आणि व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असल्यामुळे सारा ताण त्याच्या बुडाशी येतो. रिमवर तिरका झालेला व्हॉल्व्ह ही या संकटाची पूर्वसूचना समजावी. या ठिकाणी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ बहुधा टिकत नाही. नवी ट्यूबच घ्यावी लागते.

यावरून ध्यानात येईल की चिमट्याचे पंक्चर आणि व्हॉल्व्हच्या बुडाचे पंक्चर ही योग्य हवेने टाळता येण्याजोगी आहेत. काट्याचे तसे नाही. सराट्याचे फळ वाळल्यावर फुटून त्याच्या पाच फाकी होतात, व प्रत्येक फाकीला दोन लांब व दोन आखूड असे टणक काटे असतात. फाक कशीही पडली तरी एखादा काटा वर टोक करूनच बसतो. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला हे सराटे विखुरलेले असतात. बाभळीचा पांढरा काटा व वेडी बाभूळ यांविषयी तर सांगावयासच नको. टायर झिजून पातळ झाला असेल तर हवा कमी असो वा जास्त, हे काटे आत शिरणारच. तेथे उपाय म्हणजे रस्त्याची कडा सोडून चाकोरीने चालविणे, कुंपणालगतची पायवाट टाळणे, आणि झिजलेला टायर वेळीच बदलणे. कुपाटीच्या फांद्या रस्त्यावरून ओढून नेल्या असतील तर तेवढ्यापुरते उतरून सायकल उचलून नेणे उत्तम.

मग हवा दगडासारखी घट्टच भरावी, असा निष्कर्ष कोणी काढील. पुष्कळ मुले काढतातही. परंतु अतिघट्ट टायर खडीवर उसळतो, तीक्ष्ण खडीभोवती वळून जाण्याऐवजी तिच्यावर ताणलेल्या अवस्थेत आदळतो व कापला जातो; स्वाराचे मनगट व पाठ दुखते ते वेगळेच. जुन्या टायरची कड रिममधून सुटून ट्यूब बाहेर डोकावते व मोठा आवाज होऊन फुटते. तेव्हा प्रश्न अंगावरील भाराला शोभेल इतकी हवा भरण्याचा आहे.

बहुतेक टायरांच्या बाजूवर शिफारस केलेला दाब छापलेला असतो. तो पुष्कळदा 'पी. एस. आय.' म्हणजे चौरस इंचाला पौंड या मापात असतो. मुलांना समजावयास चौरस सेंटीमीटरला किलो हे माप सोपे पडते. चौरस सेंटीमीटरला १ किलो म्हणजे सुमारे १४ पी. एस. आय., किंवा पाठ्यपुस्तकातील एककात सुमारे ९८ किलोपास्कल. म्हणजे ४२ पी. एस. आय. हा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ३ किलो झाला.

परंतु छापलेला आकडा माहीत असून उपयोग काय? मोजावयाचे कसे? आपल्याकडील नेहमीच्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये एका बारीक भोकावर रबराची नळी ओढून बसविलेली असते. पंपाची हवा ती नळी उचलून आत शिरते व आतील हवा तिलाच दाबून भोक बंद करते. व्यवस्था मोठी चतुर आहे, पण त्यामुळे तोंडाशी दाबमापक लावला तरी आतील दाब त्यास कळत नाही. अंगठ्याने टायर दाबून पाहण्याची रीतही फसवी होय. चाक एका मर्यादेपलीकडे घट्ट झाले की अंगठ्याला सारे सारखेच लागते. या अडचणीतून मुलांना वाट काढून देणे, हाच पाठाचा गाभा आहे.

पाठाची मांडणी

साहित्य म्हणून एक सायकल, पंप, आलेख कागद, गेरू किंवा भिजविलेला खडू, फूटपट्टी आणि वजनकाटा पुरेसा होतो. आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांची वजने घेण्याचा काटा बहुतेक शाळांत असतो. पाठ वर्गात न घेता व्हरांड्यातील सपाट फरशीवर घ्यावा.

प्रारंभी शिक्षकांनी एखाद्या मुलीला सायकलीवर बसवून प्रश्न विचारावेत.

"चाक जमिनीला कोठे टेकले आहे?"

"खाली, गुरुजी."

"एका बिंदूवर टेकले आहे की पसरून?"

येथे मुलांत मतभेद होतात, व ते होऊ द्यावेत. काही मुले खाली वाकून पाहतील व "पसरून" म्हणतील. "किती पसरले आहे?" हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर कोणालाच देता येत नाही, आणि प्रयोगाची गरज तेथेच उत्पन्न होते.

मागचे चाक किती भार पेलते, हे प्रथम काढावे. मागचे चाक वजनकाट्यावर व पुढचे चाक तेवढ्याच उंचीच्या विटांवर ठेवावे. मुलीने भिंतीला हलकेच हात लावून नेहमीप्रमाणे दप्तरासह बसावे व दोघांनी सायकल सरळ धरावी. समजा मुलगी, दप्तर व सायकल मिळून भार ६५ किलो आहे. काट्यावर मागच्या चाकाचा भार सुमारे ३९ किलो दिसेल, म्हणजे पुढच्या चाकावर २६ किलो राहिले. भाराची ही विषम वाटणी मुलांना आश्चर्याची वाटते.

यानंतर मागच्या टायरच्या खालच्या भागास ओला गेरू लावावा. दोन मुलांनी कॅरिअर धरून चाक उचलावे, खाली आलेख कागद सरकवावा, चाक अलगद टेकवावे, आणि मुलीने आसनावर बसून उतरावे. पुन्हा चाक उचलून कागद काढून घेतला की काकडीच्या उभ्या कापासारखा लांबट ठसा मिळतो. ठशाची बाहेरील कड पेन्सिलीने रेखून आतील चौरस मोजावेत. टायरच्या नक्षीमुळे मध्ये पांढऱ्या जागा राहतील. त्या वगळू नयेत. अर्ध्याहून मोठा चौरस पूर्ण धरावा, अर्ध्याहून लहान सोडून द्यावा. अनियमित आकृतीचे क्षेत्रफळ काढण्याची ही रीत मुलांना गणितातून परिचित आहेच.

समजा ठसा २६ चौरस सेंटीमीटर भरला. भार ३९ किलो. तर ३९ भागिले २६, म्हणजे चौरस सेंटीमीटरला दीड किलो हा दाब झाला. दाबमापकावाचून दाब सापडला! टायरचे कापड व रबर स्वतःही किंचित भार पेलते, म्हणून हे उत्तर खऱ्या दाबाहून थोडे अधिक येते, परंतु आपल्या कामास तेवढी अचूकता पुरेशी आहे.

दीड किलो म्हणजे सुमारे २१ पी. एस. आय. छापलेल्या आकड्याच्या मानाने हे फारच कमी झाले. आता पंपाने हवा भरावी व पुन्हा ठसा घ्यावा. तो १३ चौरस सेंटीमीटरांवर आला की दाब ३ किलो झाला, हे मुले तोंडी सांगतील. दाब दुप्पट, क्षेत्रफळ निम्मे. व्यस्त चलनाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. पंपाचा खालचा भाग हाताला गरम लागतो, हेही एखाद्या मुलाच्या ध्यानी येईल. दाबल्याने हवा तापते, एवढे सांगून पुढे जावे.

पुढच्या चाकावर २६ किलोच भार असल्याने तेथे १३ चौरस सेंटीमीटरांचा ठसा २ किलो दाबाला मिळतो. अर्थात दोन्ही चाकांत सारखी हवा भरण्याची प्रचलित पद्धत बरोबर नाही. मात्र ब्रेक लावताना भार पुढे सरकतो व खड्ड्यात प्रथम पुढचेच चाक पडते, म्हणून ते हिशेबाहून थोडे अधिक घट्ट ठेवणे शहाणपणाचे.

ज्यांना ठसा घेण्याचा खटाटोप दर वेळी नको, त्यांच्यासाठी फूटपट्टीची सोपी रीत आहे. स्वार नसताना रिमच्या कडेपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजावे, स्वार बसल्यावर पुन्हा मोजावे. दीड इंची, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर उंचीचा टायर स्वाराच्या भाराने साधारण ५ ते ६ मिलिमीटर बसावा. टायरच्या उंचीच्या सुमारे १५ टक्के, असे हे प्रमाण अमेरिकेतील सायकल-अभ्यासक फ्रँक बर्टो यांच्या मोजमापांवरून रूढ झाले आहे. सेंटीमीटरभर बसत असेल तर चिमट्याचे पंक्चर दूर नाही. मुळीच बसत नसेल तर हवा फाजील आहे.

दोघे एका सायकलीवर

पाठाचा सर्वांत उपयुक्त भाग यापुढे आहे व त्यासाठी वेळ राखून ठेवावा. मुलीची मैत्रीण कॅरिअरवर बसते तेव्हा काय होते? मैत्रिणीचे वजन ३२ किलो धरले, तर ते जवळजवळ सारे मागच्या चाकावर पडते. तेथील भार ३९ वरून ७१ किलो होतो. चाकातील दाब मात्र फारसा बदलत नाही, त्यामुळे ३ किलोच्या दाबाला ठसा सुमारे २४ चौरस सेंटीमीटर पसरतो. मुलांनी प्रत्यक्ष ठसा घेऊन ही वाढ पाहावी. मग विचारावे, "ठसा पुन्हा १३ वर आणावयाचा तर दाब किती लागेल?" ७१ भागिले १३, म्हणजे सुमारे साडेपाच किलो, जवळजवळ ७८ पी. एस. आय. टायरवरील आकडा मुलांना वाचावयास लावावा. साध्या टायरला एवढा दाब सोसणारा नाही, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. डबलसीटचा भार केवळ हवा भरून निभावता येत नाही. छापलेल्या मर्यादेपर्यंत हवा भरावी, आणि ओढ्याचा उतार, खडीचा पट्टा किंवा मोरीची उखडलेली कड आली की मागच्याने उतरावे. दोघींनी एका सायकलीवर येणे आपल्या खेड्यांत अपरिहार्य आहे; एका घरात सायकल असते, शेजारच्या घरात नसते. तेव्हा डबलसीट बसू नका, असा नुसता हुकूम करून शिक्षकांनी समाधान मानणे उचित नव्हे. कोठे उतरावयाचे, हे मुलांना रस्त्याचा नकाशा काढून ठरवू द्यावे. वस्तीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरील अशा जागा मुलांना शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असतात.

उन्हाविषयीचा प्रश्न

सायकल उन्हात ठेवली की हवा फुगून ट्यूब फुटते काय, असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. हवा तापल्याने दाब वाढतो हे खरे. सकाळी २५ अंश सेल्सिअसला ३ किलो असलेला दाब टायर ५५ अंशांपर्यंत तापला तर सुमारे ३.४ किलो होतो. धड टायर एवढ्या वाढीने फुटत नाही. ज्याची कड झिजलेली आहे किंवा ज्यात आधीच फाजील हवा आहे, तोच फुटतो. ठिगळाखालचे सोल्यूशन नीट वाळू दिले नसेल तर उन्हात ठिगळ सुटते, हेही एक कारण आहे. तेव्हा सायकली झाडाच्या सावलीत लावाव्यात. मात्र ते झाड बाभळीचे नसावे.

काही नव्या सायकलींना मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दाब पेट्रोल पंपावर मोजता येतो. पण तेथील यंत्राने सायकलीच्या अरुंद ट्यूबमध्ये काही क्षणांत मर्यादेपलीकडे हवा भरते, म्हणून मुलांनी ते स्वतः हाताळू नये.

पाठानंतरचे काम

पंप शाळेत असावा. ट्यूब निर्दोष असली तरी तिच्या रबरातून हवा हळूहळू झिरपतेच, म्हणून आठवड्यातून एकदा हवा भरणे आवश्यक आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटे यासाठी दिली तर सर्व सायकली होतात. प्रत्येक मुलाने आपल्या वहीत आपला भार, टायरवरील आकडा आणि योग्य ठशाचे क्षेत्रफळ लिहून ठेवावे. मूल वर्षभरात वाढते, तेव्हा दोन्ही सत्रांच्या आरंभी हे आकडे नव्याने काढावेत.

पंक्चर काढण्याचे प्रात्यक्षिकही शाळेत करता येते. काटा दिसला की तो घाईने उपटू नये. आधी त्या जागी टायरवर खडूने खूण करावी, म्हणजे ट्यूबवरील भोक शोधणे सोपे जाते. टायरच्या आतून उघडे बोट फिरविण्याऐवजी कापसाचा बोळा फिरवावा. मोडलेले टोक आत राहिले असेल तर कापूस त्यावर अडकतो. अन्यथा नवे ठिगळ लावलेली ट्यूब त्याच टोकाने दुसऱ्या दिवशी पुन्हा भोसकली जाते, आणि दोष दुकानदाराच्या माथी येतो.

वर्गात एक पंक्चर-नोंदवही ठेवावी. तारीख, पुढचे की मागचे चाक, भोक कोणत्या बाजूस, एक की दोन, त्या वेळी कोणी मागे बसले होते काय, एवढे रकाने पुरेत. दोन महिन्यांनी मुलांनी त्यावरून स्तंभालेख काढावा. दोन चिरांची पंक्चरे अधिक निघाली तर शनिवारच्या पंपाकडे दुर्लक्ष होत आहे. एकेरी भोके अधिक निघाली तर कोणत्या वाटेवर काटे पडतात ते शोधून, ग्रामपंचायतीस मुलांच्या सहीचा अर्ज द्यावा. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडविल्यावर कोठेच बुडबुडे आले नाहीत, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावून पाहावे. तो फुगला तर ट्यूब ठीक असून आतील रबरी नळीच तेवढी बदलावयाची आहे.